उंटांच्या वाटेवर मोटारींची वर्दळ
दक्षिण ऑस्ट्रेलियातील वाळवंट, समुद्रकिनारा आणि कारागिरांचा बाजार

ऑस्ट्रेलियात एप्रिल उजाडला, उन्हाळ्याचा कडाका ओसरला, की ॲडलेड शहरातून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वेगळीच वाहतूक दिसू लागते. टपावर तंबू बांधलेला, मागे पाण्याचे आणि डिझेलचे कॅन, पुढे जाड लोखंडी बंपर आणि बरोबर दोन-दोन स्टेपन्या, अशा अवजड गाड्या एकामागून एक निघतात. या गाड्यांच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून त्यांना फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. त्यांत निवृत्त नोकरदार असतात, लेकराबाळांसह निघालेली कुटुंबे असतात, परदेशातून येऊन गाडी भाड्याने घेतलेले पाहुणेही असतात. दोन-तीन आठवडे तंबू ठोकत ओसाड मुलखातून फिरायचे, मग दक्षिणेला वळून समुद्रकाठी चार दिवस काढायचे, असा हा बेत असतो. या ओसाड मुलखाला तिकडे ‘आउटबॅक’ म्हणतात.

व्यापार-उद्योगाच्या पानावर या सहलीचे काय काम, असे कोणी विचारील. काम दोन कारणांनी आहे. पहिले असे, की ज्या वाटेने या गाड्या जातात ती वाट सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मुस्लिम उंटवाल्यांनी आपल्या धंद्यासाठी रुळवली. दुसरे असे, की ही सहल सुखरूप पार पडते ती कारागिराच्या भरवशावर. टायर सांधणारा, कॅनव्हास शिवणारा, लोखंड जोडणारा, चामडे कापणारा यांच्या हातकामावर तिथे माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून या लेखात वाटेची माहिती तर आहेच. शिवाय या वाटेवर कोणाचा धंदा टिकला, कोणाचा बुडाला आणि का, याचाही हिशोब मांडला आहे.

मारी गावापर्यंत

ॲडलेडहून सुमारे ३०० किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा हे बंदर लागते. समुद्राचे एक लांब आखात इथे जमिनीत शिरून संपते. मोठी बाजारपेठ, सर्व कंपन्यांचे टायर, गाडीचे सुटे भाग आणि रास्त भावात किराणा मिळण्याचे हे शेवटचे ठिकाण. पुढे जे लागेल ते इथेच भरून घ्यायचे, हा तिकडचा रिवाज आहे.

तिथून क्वॉर्न आणि हॉकर या छोट्या गावांवरून फ्लिंडर्स डोंगररांगेत शिरता येते. इथले विल्पेना पाउंड म्हणजे डोंगरांनी कडे केलेली प्रचंड परातच. हा अद्न्यामथन्हा या आदिवासींचा मुलूख. २०१६ साली राष्ट्रीय उद्यानाच्या नावात ‘इकारा’ हे त्यांचे नावही जोडण्यात आले. विल्पेनापर्यंत डांबरी सडक आहे, तंबूसाठी आखलेल्या जागा आहेत, पाणी आणि दुकान आहे. नवख्या माणसाने पहिल्या दोन रात्री इथेच काढाव्यात. तंबू किती वेळात उभा राहतो, कोणते सामान खडखडते, काय विसरले, हे बाजार जवळ असतानाच कळलेले बरे.

पुढच्या रस्त्यावर जागोजागी पडक्या दगडी घरांच्या भिंती दिसतात. १८६५ साली जॉर्ज गॉयडर या सरकारी मोजणी अधिकाऱ्याने नकाशावर एक रेषा आखून सांगितले होते, की हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, शेती करू नका. त्यानंतर काही वर्षे पाऊस चांगला झाला. लोकांनी रेषा ओलांडून गहू पेरला आणि १८८०च्या दशकातल्या दुष्काळात सर्वस्व गमावले. १८७८ साली वसवलेल्या एका गावाचे नाव तर ‘फरीना’ ठेवले होते. फरीना म्हणजे पीठ. तिथे गव्हाचे कोठार होईल अशी आशा होती. आज ते ओसाड गाव आहे. शेजारी तंबू ठोकायची जागा आहे आणि हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक तिथल्या जुन्या भुयारी भट्टीत पाव भाजून प्रवाशांना विकतात. त्या पैशातून पडक्या भिंतींची डागडुजी चालते. गावाच्या कबरस्तानात उंटवाल्यांच्या कबरीही आहेत.

फरीनाच्या अलीकडे लिंडहर्स्ट गावाजवळ गेरूच्या रंगीत दरडी आहेत. या भागातला गेरू आदिवासी लोक शेकडो मैल चालत नेत आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या वस्तू घेत. म्हणजे या वाटेवरचे पहिले व्यापारी तेच. ॲडलेडपासून पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास मारी हे गाव येते आणि इथून खरा कच्चा रस्ता सुरू होतो.

उंटवाल्यांचा कारभार

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात बैल आणि घोडे पाण्याअभावी मरत. त्यामुळे इंग्रज वसाहतवाल्यांना उंट हवे होते आणि उंट हाकणारी माणसेही. १८६० साली मेलबर्नहून निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानातून दोन डझन उंट आणि उंटवाले आणले गेले. धंद्याच्या दृष्टीने खरी सुरुवात झाली १८६६ साली. टॉमस एल्डर या धनाढ्य व्यापाऱ्याने कराचीहून शंभरावर उंट आणि ३१ माणसे पोर्ट ऑगस्टाला उतरवली आणि बेल्टाना येथे उंटांची पैदास सुरू केली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते, हे आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

पुढच्या पन्नास वर्षांत काही हजार माणसे या कामासाठी गेली. कोणी अफगाणिस्तानचे, कोणी बलुचिस्तान, पेशावर, सिंध आणि पंजाबचे. स्थानिकांनी सर्वांना सरसकट ‘अफगाण’ आणि पुढे तोडून ‘घान’ म्हटले. करार साधारण तीन वर्षांचा असे. बहुतेकजण बायकामुले मागे ठेवून आले होते. दणकट नर उंट चारशे ते सहाशे किलो बोजा उचली. पीठ, चहा, साखर, तारा, खांबांचे लोखंड, खाणीची यंत्रे, दारे-खिडक्या आणि पियानोसुद्धा उंटावरून गेले. परतीच्या फेरीत लोकरीच्या गासड्या आल्या. १८७० ते १८७२ या काळात ॲडलेडपासून डार्विनपर्यंत ३,००० किलोमीटरहून लांब तारायंत्राची ओळ टाकली गेली, तिच्या सामानाची ने-आण करण्यातही उंटांचा वाटा होता.

या मंडळींपैकी काहींनी नोकरी सोडून स्वतःचा धंदा उभारला. फैज महंमद आणि ताघ महंमद या भावांनी मारीहून मालवाहतूक चालवली आणि पुढे पश्चिमेकडच्या सोन्याच्या खाणींपर्यंत हातपाय पसरले. अब्दुल वेड याने १८९०च्या दशकात न्यू साउथ वेल्समधील बर्क गावातून उंटांच्या वाहतुकीचा मोठा व्यवसाय चालवला. ज्यांच्याजवळ भांडवल थोडे होते ते कापडचोपड आणि सुईदोरा घेऊन दूरदूरच्या वस्त्यांवर फेरी करीत. उंटाचे खोगीर तर ते स्वतःच बांधत. ते नीट बसले नाही तर पाठीला जखम होते, जखमी उंट चालत नाही आणि उंट चालला नाही तर खेप बुडते. म्हणून खोगीर बांधणाऱ्याचा मान मोठा होता.

मारीत रेल्वे १८८४ साली पोचली आणि गाव रुळांनी दुभंगले. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. उंटवाल्यांच्या बाजूला मातीच्या भिंतींची मशीद होती. मूळ वास्तू राहिली नाही, आज तिथे तिची प्रतिकृती आहे. ॲडलेड शहरात मात्र १८८८-८९ साली उंटवाल्यांच्या वर्गणीतून बांधलेली दगडी मशीद आजही उभी आहे. प्रवासी मारीच्या हॉटेलापुढे तंबू ठोकतात, जुनी इंजिने पाहतात आणि उत्तरेकडे निघतात.

ऊडनडाटा ट्रॅक: दोनशे किलोमीटरला एक दुकान

मारीपासून मारलापर्यंत सुमारे ६२० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता जुन्या रेल्वेमार्गाला धरून जातो. रेल्वे उंटांच्या वाटेने गेली, उंट आदिवासींच्या वाटेने गेले आणि आदिवासी पाण्याच्या झऱ्यांच्या मागाने गेले. जमिनीखाली पाण्याचा प्रचंड साठा आहे, ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भागाखाली तो पसरला आहे. या ओळीत ते पाणी ठिकठिकाणी आपोआप वर येते. म्हणूनच वाट इथून गेली.

मारीहून निघाल्यावर रस्त्याच्या कडेने काटी थांडा–लेक आयर हे खाऱ्या पाण्याचे विशाल सरोवर दिसते. ते समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खाली असून बहुतेक वर्षे कोरडे असते. २०२५ साली क्वीन्सलंडमधल्या पुराचे पाणी वाळवंटातून वाहत इथवर आले आणि सरोवर भरले. आदिवासी अरबाना लोकांच्या दृष्टीने ही जागा पवित्र आहे. कोरड्या पात्रात गाडी घालण्यास मनाई आहे. वरून पापुद्रा टणक दिसतो पण खाली चिखल असतो. पुढे ‘बबलर’ नावाचा बुडबुडणारा झरा आणि त्यापुढे कॉवर्ड स्प्रिंग्जची खजुरीच्या झाडांतली तंबूची जागा. इथे रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांनी बांधलेल्या कुंडात कोमट पाण्याने अंघोळ करता येते. प्रवासी या जागेचे फार कौतुक करतात.

मारीपासून सुमारे २०० किलोमीटरवर विल्यम क्रीक येते. हे गाव म्हणजे हॉटेल, विमानाची धावपट्टी आणि मोजकी माणसे. सभोवार ॲना क्रीक हे जगातले सर्वात मोठे मानले जाणारे गुरांचे कुरण आहे. आणखी २०० किलोमीटरवर ऊडनडाटा. २ जानेवारी १९६० रोजी इथे ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. १८९१ पासून १९२९ पर्यंत रेल्वे इथेच संपत असे आणि पुढे ॲलिस स्प्रिंग्जपर्यंतचा सगळा माल उंटांच्या पाठीवरून जाई. आज ऊडनडाटा गावाची ओळख म्हणजे गुलाबी रंगाने रंगवलेले रोडहाऊस.

या रोडहाऊसचे गणित आपल्या दुकानदारांनी समजून घेण्यासारखे आहे. पंप, किराणा, चहा-नाश्ता, टपाल, टायर दुरुस्ती, मुक्कामाची खोली आणि पुढच्या रस्त्याची खबर, हे सगळे एकाच छपराखाली चालते. शहरातला दुकानदार एका मालाचे हजार गिऱ्हाइकांना विकतो. इथला दुकानदार एका गिऱ्हाइकाच्या साऱ्या गरजा भागवतो. माल शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येतो, त्यामुळे भाव शहरापेक्षा चढे असतात. प्रवासी ते मुकाट्याने देतो, कारण त्याला माहीत असते, की हे दुकान बंद पडले तर रस्ताच बंद पडेल. रस्त्याची खबर मात्र फुकट मिळते. ‘काल तिकडे पाऊस झाला, जाऊ नका’ असे सांगणाऱ्या दुकानदाराचा त्या दिवसाचा डिझेलचा गल्ला बुडत असेल. पण गिऱ्हाईक जिवंत परतते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते.

हवा, पाणी आणि डिझेल

प्रत्यक्ष जाण्याचा विचार असणाऱ्यांसाठी काही पक्क्या गोष्टी.

हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान, जाऊ नये. शेजारचे सिम्पसन वाळवंट तर १ डिसेंबर ते १५ मार्च सरकारच प्रवाशांसाठी बंद ठेवते. थोडा पाऊस झाला तरी कच्चे रस्ते बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास जबर दंड होतो.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला किमान पाच ते सात लिटर धरावे आणि वर दोन-तीन दिवसांचा जादा साठा ठेवावा. सगळे पाणी एकाच टाकीत न ठेवता वेगवेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. एक फुटला तर दुसरा राहतो. डिझेलचेही तसेच. डांबरी रस्त्यावरच्या सरासरीवर हिशोब करू नये. बोजा, खडी आणि वाळू यांमुळे खप बराच वाढतो.

टायरची हवा हा या प्रवासातला सर्वात मोठा हुन्नर. डांबरी रस्त्यावर ३५-४० पौंड हवा असेल, तर खडीवर ती २६-३० पौंडांवर आणतात आणि मऊ वाळूत १६-१८ पर्यंत. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूवर तरंगतो आणि टोकदार दगडावर दबून जातो, फाटत नाही. मात्र वेगही कमी करावा लागतो, आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा हवा भरावी लागते. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, हवेचा काटा, पंक्चरची पट्टी आणि दोन पूर्ण चाके बरोबर हवीतच.

गाडी रुतली तर दुसऱ्या गाडीने ओढण्यासाठी ताणणारा जाड पट्टा वापरतात. तो गाडीच्या सांगाड्याला बसवलेल्या हुकातच अडकवावा. ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्याला तो कधीही लावू नये. ताणाने गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा उडतो आणि अशा अपघातांत माणसे दगावली आहेत.

मोबाईल बहुतेक ठिकाणी चालत नाही. सॅटेलाइट फोन किंवा संकटाचा इशारा देणारे यंत्र भाड्याने घ्यावे. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नये. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. सूर्यास्तानंतर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा मुक्काम उजेडातच करावा. गाडी भाड्याने घेताना कच्च्या रस्त्यावर नेण्याची लेखी परवानगी करारात आहे का, हे पाहावे. नसेल तर विमा लागू होत नाही. तिकडेही आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात.

हलाल मांस ॲडलेडमधून घेऊन बर्फाच्या पेटीत ठेवावे, पुढे मिळेलच असे नाही. डाळ-तांदूळ बरोबर असले की बाजारावर अवलंबून राहावे लागत नाही. किब्ला तिथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे.

मोडले काय, ते पाहून धंदा

या प्रवासासाठी लागणाऱ्या सामानाचा ऑस्ट्रेलियात मोठा उद्योग आहे. त्यातल्या दोन नावांची हकीकत आपल्या कारागिरांनी वाचावी.

पहिले नाव आर. एम. विल्यम्स. हा तरुण १९३०च्या दशकातल्या मंदीत फ्लिंडर्स डोंगरातल्या इटालोवी घळीत मुलाच्या डोळ्यांच्या दुखण्यामुळे कुटुंबासह तळ देऊन होता. तिथे त्याला ‘डॉलर मिक’ नावाने ओळखला जाणारा एक फिरता कारागीर भेटला. त्याच्याकडून तो चामडे कापायला, टाके घालायला, खोगीर आणि लगाम बनवायला शिकला. गुरांचा मोठा मालक सिडनी किडमन याला त्याने ओझ्याची खोगिरे विकली. पुढे ॲडलेडमध्ये वडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये कारखाना काढला. त्याच्या बुटाचा वरचा भाग एकाच अखंड चामड्याचा असतो. जोड कमी, म्हणून उसवण्याची जागा कमी. एवढ्या एका गोष्टीवर जगभर नाव झाले. विल्यम्स २००३ साली वारला; बूट आजही ॲडलेडमध्ये बनतात.

दुसरे नाव टोनी ब्राउन. १९७५ साली मेलबर्नच्या या तरुणाने उत्तरेकडच्या खडतर रस्त्यांवर प्रवास करताना पाहिले, की गाड्यांना लावलेले बंपर आणि टपावरचे सांगाडे खडखडून तुटतात. घरच्या गॅरेजमध्ये त्याने ते अधिक मजबूत बनवायला सुरुवात केली. स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांवरून काढलेली त्याची ‘एआरबी’ ही कंपनी १९८७ साली शेअर बाजारात आली आणि आज तिचा माल अनेक देशांत जातो.

दोघांनीही नवीन असे काही शोधले नव्हते. खोगीर होते, बूट होते, बंपर होते. रस्त्यावर काय मोडते ते त्यांनी पाहिले आणि न मोडणारे बनवून दिले. कॅनव्हासची बिछान्यासह गुंडाळी, जिला तिकडे ‘स्वॅग’ म्हणतात, तीही अशीच. जाड सुती कॅनव्हास, पक्का दोरा, दुहेरी शिवण आणि पाणी न झिरपणारी चेन. शिवण उसवली तर रात्र थंडीत जाते, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानी जात नाही. ताडपत्री, तंबू आणि चामड्याचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना यातली एकही क्रिया अपरिचित नाही.

किनाऱ्याकडे

ऊडनडाटाहून मारलाला डांबरी महामार्ग लागतो. तिथून दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरवर कूबर पीडी हे ओपल रत्नांचे गाव. १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला इथे पहिले ओपल सापडले. उष्णतेमुळे निम्मे गाव जमिनीखाली राहते. खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांत ओपलचे तुकडे शोधण्याची मुभा पाहुण्यांना ठरावीक जागी मिळते. कच्चा दगड आणि घासून पैलू पाडलेला दगड यांच्या किमतीतला फरक इथल्या दुकानांत समोरच दिसतो. तो सारा फरक हातकामाचा असतो.

इथून समुद्राकडे दोन वाटा. सोपी वाट डांबरी महामार्गाने पोर्ट ऑगस्टा आणि तिथून आयर द्वीपकल्प. अवघड वाट ग्लेनडँबोवरून रेल्वेमार्गाच्या कडेने ‘गूग्ज ट्रॅक’. वाळूच्या तीनशेहून अधिक टेकड्या ओलांडत ती सेदुना या किनाऱ्यावरच्या गावी उतरते. ती कोणा सरकारी खात्याने केलेली नाही. गूग नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक शेतकऱ्याने १९७०च्या दशकात घरच्या माणसांच्या मदतीने झुडपे तोडून ती काढली. वाटेत पाणी नाही, डिझेल नाही. एकट्या गाडीने जाऊ नये.

किनाऱ्यावरची मुख्य ठिकाणे तीन. पहिले पोर्ट लिंकनजवळचे मेमरी कोव्ह. १८०२ साली मॅथ्यू फ्लिंडर्स याच्या जहाजावरील आठ खलाशी या परिसरात बुडाले, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. फाटकाला कुलूप असते. आधी नोंदणी करून चावी घ्यावी लागते आणि ठरावीक गाड्यांनाच आत सोडतात. दुसरे कॉफिन बे राष्ट्रीय उद्यान. इथे वाळूतून आणि थेट पुळणीवरून गाडी न्यावी लागते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक न पाहता निघालेल्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या आहेत. तिसरे, सेदुनाच्या पश्चिमेला सुमारे ३०० किलोमीटरवरचा ‘हेड ऑफ बाइट’ हा कडा. इथून हिवाळ्यात देवमासे पिलांसह दिसतात.

या किनाऱ्याच्या धंद्यातही शिकण्यासारखे आहे. कोकणातल्या वाचकांना कालवे नवी नाहीत. कॉफिन बेमध्ये एकोणिसाव्या शतकात नैसर्गिक कालवांचा तळ लोखंडी जाळ्यांनी खरवडून काढला. काही दशकांत कालवे संपली आणि त्यांच्यावर वसलेली वस्तीही उठली. आजची कालवे लागवडीची आहेत. पोर्ट लिंकनच्या कोळ्यांनी ट्यूना माशाबाबत वेगळा मार्ग धरला. पकडीवर सरकारी मर्यादा आल्यावर १९९०च्या दशकात त्यांनी मासे जिवंत पकडून समुद्रातल्या पिंजऱ्यांत पोसायला सुरुवात केली. मासे तितकेच, पण वजन आणि भाव जास्त. माल मुख्यतः जपानला जातो. समुद्राचा धोका मात्र कायम आहे. २०२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर विषारी शैवाल पसरले, मासे मेले आणि काही भागांत कालवे काढणे थांबवावे लागले. जाण्यापूर्वी स्थानिक सूचना पाहाव्यात.

हुन्नर होता, हक्काचा कागद नव्हता

आता उंटवाल्यांच्या हिशोबाकडे परत येऊ. ज्यांनी ही वाट रुळवली त्यांच्या हाती काय राहिले?

१९०१ साली ऑस्ट्रेलियाने परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यामुळे नवी माणसे आणणे आणि घरी जाऊन परत येणे, दोन्ही कठीण झाले. १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्व मिळण्याचा दरवाजा बंद केला. वीस-तीस वर्षे त्या देशात घाम गाळलेला माणूसही परकाच राहिला. १९२०च्या दशकात मोटार ट्रक आले आणि भाडे पडले. १९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्याचा कायदा केला. ज्या जनावरावर आयुष्य काढले त्याला गोळी घालायला अनेकांचा हात धजावला नाही. त्यांनी उंट वाळवंटात सोडून दिले. त्यांची पैदास एवढी वाढली, की २००९ ते २०१३ या काळात सरकारला सुमारे १ लाख ६० हजार उंट मारावे लागले. १९२९ साली रेल्वे ॲलिस स्प्रिंग्जला पोचली आणि ऊडनडाटाची शेवटची मोठी खेपही गेली. त्या रेल्वेचे नाव ‘द घान’. ते उंटवाल्यांवरून पडले असे मानतात. आज याच नावाने ॲडलेड ते डार्विन अशी महागडी पर्यटक गाडी धावते. त्यांची नातवंडे-पतवंडे मारी आणि ॲलिस स्प्रिंग्ज परिसरात आजही आहेत.

ट्रक येणे कोणाच्या हातात नव्हते. पण विल्यम्स आणि ब्राउन यांच्या बाबतीत काळ बदलला तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःच्या नावाची नोंदलेली कंपनी होती, बँकेत पत होती, कायदा बरोबर होता. खोगीर बंद झाले तर बूट, बूट मंदावले तर दुसरे काही, अशी उडी त्यांना घेता आली. बहुतेक उंटवाल्यांकडे हुन्नर आणि मेहनत त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. कागद त्यांना कायद्यानेच नाकारला होता.

आपल्याला तो कोणी नाकारलेला नाही. तरीही आपले किती गॅरेजवाले, किती तंबू शिवणारे, किती चामड्याचे कारागीर वडिलोपार्जित हुन्नर चालवतात आणि दुकानाची नोंदणी, मालावर स्वतःचे नाव, जागेचा करार, विमा, बिलबुक यांकडे ‘नंतर पाहू’ म्हणून दुर्लक्ष करतात? मोठ्या व्यापाऱ्याचे लेबल लावून आपलाच माल बाजारात जातो आणि आपल्याला फक्त शिवणावळ मिळते. उद्या नवे यंत्र आले, रस्ता रुंद झाला किंवा मालकाने जागा मागितली, तर हातातल्या कसबाची किंमत कोण मोजणार?

ज्यांना शक्य आहे त्यांनी ही सहल अवश्य करावी. ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान एवढे करावे: या आठवड्यात दुकानाची कागदपत्रे एका फायलीत लावावीत, जे कमी आहे त्याची यादी करावी आणि पुढच्या महिन्यापर्यंत त्यातले एक तरी काम पुरे करावे.